आधी हालचाल की आधी सांधा? नागपुरातल्या एका बाळाचं प्रकरण

फेब्रुवारी २०२३च्या शेवटी जन्मलेली मुलगी. पायाळू होती म्हणून सिझर झालं. वजन जरा कमी, पण रडली लगेच, दूधही नीट ओढू लागली. चौथ्या दिवशी फिजिओथेरपीसाठी माझ्याकडे पाठवलं तेव्हा चिठ्ठीवर एवढंच होतं : ‘अनेक सांधे आखडलेले, दोन्ही पाय क्लबफूट.’

बाळाला उलगडून बघितलं. खांदे खाली झुकलेले आणि आत वळलेले. दोन्ही कोपरं सरळ, ताठ. मनगटं वाकलेली, तळवे मागे फिरलेले, बोटं अर्धवट मिटलेली. पावलं आत वळून तळवे एकमेकांकडे बघत होते, हेच क्लबफूट. गुडघे बऱ्यापैकी हलत होते, खुबे थोडे कडक. कपाळाच्या मधोमध फिकट लालसर डाग. आणि या सगळ्याच्या वर एक अगदी टवटवीत चेहरा. बोलणाऱ्याकडे डोळे वळवून बघणारा.

मी सगळ्यात जास्त वेळ कोपराकडे बघत राहिले. नवजात बाळाच्या हाताला सांध्यापाशी घड्या असतात, गुटगुटीत बाळाला तर वळ्याच पडतात. इथे दंडापासून मनगटापर्यंत कातडी सलग, गुळगुळीत, कुठे घडी नाही. कोपराच्या मागे मात्र एक छोटी खळी, जणू कातडी आत हाडाला चिकटली आहे. तळहातावरच्या रेषाही पुसट. हाताखाली स्नायू लागत नव्हता. मऊसर, चरबीसारखं काहीतरी लागत होतं. कोपर हळूहळू वाकवलं तर जेमतेम ३० अंश जायचं आणि तिथे अडायचं. हाड हाडावर आदळल्यासारखं नव्हे, ताणलेल्या चामड्यासारखं.

या चित्राला आर्थ्रोग्रायपोसिस म्हणतात. तो एक आजार नाही. शरीराच्या निरनिराळ्या भागांतले अनेक सांधे जन्मतःच आखडलेले असणं, एवढाच त्याचा अर्थ. साधारण तीन हजार जन्मांत एका बाळात असं आढळतं आणि त्यामागे चारशेहून अधिक वेगवेगळ्या व्याधी असू शकतात. हात-पाय दोन्हीकडे सारखेच, स्नायूंच्या जागी चरबी आणि तंतू, बुद्धी शाबूत, कपाळावर डाग : हा नमुना त्यातल्या सगळ्यात जास्त दिसणाऱ्या प्रकाराचा, अमायोप्लेझियाचा. बालरोगतज्ज्ञांनाही तोच संशय होता.

घरच्यांचं निदान मात्र आधीच झालं होतं.

दिवाळीतलं ग्रहण

कुटुंब हिंगण्याकडचं. वडील बुटीबोरीच्या एमआयडीसीत फिटर. आजी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती आणि सून भिंतीकडे तोंड करून. आजी म्हणाली, “मी इले म्हटलं होतं बाप्पा, गिऱ्हान लागलं हाय, पावशीले हात नको लावू. आयकलं नाही. आता पाहा पोट्टीचे हातपाय.”

२०२२ची दिवाळी आठवत असेल. २४ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन झालं आणि दुसऱ्याच दिवशी, २५ला, खंडग्रास सूर्यग्रहण. आपल्याकडे सूर्य ग्रहणातच मावळला. पाडवा एक दिवस पुढे गेला म्हणून ते सगळ्यांच्या लक्षात राहिलं. त्या संध्याकाळी या बाईने भोपळा चिरला होता. पाचवा महिना चालू होता. आणि गंमत अशी, म्हणजे गंमत कसली, की तिचाही त्यावर विश्वास होता. सासूने दोष दिला तर उलट बोलता येतं, स्वतःलाच पटलेला दोष कुणापुढे नाकारायचा?

वर तिला दुसरा एक दोष लागला होता, तो शिकल्यासवरल्या लोकांनी लावलेला. पोटात बाळ फार लाथा मारत नव्हतं, हे तिला जाणवलं होतं. पहिलंच बाळंतपण, काय कमी आणि काय जास्त ते कसं कळणार? दवाखान्यात कुणीतरी बोलून गेलं, “हालचाल कमी होती तर आधी का नाही सांगितलं?” पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी झाली होती, अहवालात सगळं ठीक होतं. त्यात दोष शोधणंही सोपं आहे, पण त्या तपासणीत मांडीच्या हाडाची लांबी मोजतात, हातपाय आहेत का बघतात. ते हलतात का, कोपर वाकतं का, हे मुद्दाम थांबून पाहिलं नाही तर सुटून जातं. जगभर ही बहुतेक बाळं जन्मानंतरच ओळखली जातात.

या गोंधळात खरा प्रश्न विचारला तो वडिलांनी. “मॅडम, एक सांगा. सांधे खराब होते म्हणून पोरीनं हातपाय हलवले नाहीत, का हातपाय हलले नाहीत म्हणून सांधे खराब झाले? आमच्याकडे मशीन बंद ठेवली का बेअरिंग जाम होते. तसं हाय का काही?”

या प्रश्नाला सरळ उत्तर आहे आणि त्यासाठी जवळपास साठ वर्षांचं काम उभं आहे. फिटरची उपमा अर्धी बरोबर आहे. कुठे चुकते ते पुढे येईल.

कोंबडीच्या अंड्यातलं उत्तर

गर्भात हाताचं हाड सुरुवातीला हाड नसतं, कूर्चा असते. आणि दंड व पुढचा हात असे दोन तुकडेही नसतात, एक सलग कांडी असते. सांधा म्हणजे दोन कांड्या जोडणं नव्हे, एकाच कांडीत फट पाडणं. जिथे फट पडायची तिथल्या पेशी आधी कूर्चा बनणं सोडून देतात, चपट्या होऊन दाटीने बसतात. त्यांच्यात जीडीएफ५ सारखी ठरावीक जनुकं चालू होतात. मग त्या पट्ट्यात हायलुरोनन नावाचा पाणी धरून ठेवणारा बुळबुळीत पदार्थ साचतो आणि दोन बाजू विलग होतात. माणसाच्या गर्भात हे साधारण आठव्या ते दहाव्या आठवड्यात होतं. गर्भाच्या पहिल्या हालचाली सातव्या-आठव्या आठवड्यात सुरू होतात. या दोन तारखा इतक्या जवळ असणं योगायोग आहे का, हाच तो प्रश्न.

१९६२ साली ड्राखमन आणि कुलोम्ब्र या दोघांनी कोंबडीच्या अंड्यातल्या वाढत्या पिलाला क्युरारे दिलं. हे मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा हुकूम अडवणारं औषध. पिलाची जनुकं शाबूत, स्नायू शाबूत, कूर्चा शाबूत, फक्त हालचाल थांबली. पिलाचे पाय वाकडे झाले, सांधे आखडले. लॅन्सेटमध्ये छापून आलेल्या त्या लेखाच्या शीर्षकातच क्लबफूट आणि आर्थ्रोग्रायपोसिस हे शब्द होते. १९६६ मध्ये ड्राखमन आणि सोकोलॉफ यांनी आतला सांधाच कापून पाहिला : लुळ्या पिलांत सांध्याची पोकळी झालेली नव्हती, दोन्ही बाजू जुळून गेल्या होत्या.

म्हणजे वडिलांच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर : आधी हालचाल. सांधा हलतो म्हणून सांधा होतो.

इथेच बेअरिंगची उपमा संपते. बेअरिंग कारखान्यातून तयार होऊन येतं आणि नंतर न वापरल्याने जाम होतं. गर्भात हालचाल हीच बेअरिंग घडवते. कांडीत फट पडावी, पडलेली फट राहावी, तिच्या दोन बाजू एकमेकीत बसतील अशा आकाराच्या व्हाव्यात, यातलं प्रत्येक काम हलण्यावर टेकलेलं आहे.

पण हालचाल ‘घडवते’ म्हणजे नेमकं काय करते? घासून झिजवते का? पूर्वी तसंच काहीसं मानलं जायचं. आता माहीत आहे की गोष्ट पेशीच्या केंद्रकापर्यंत जाते. २००९ मध्ये इस्रायलच्या वाइझमान संस्थेत एलाझार झेल्झर यांच्या गटाने असे उंदीर तपासले ज्यांच्या गर्भात स्नायू तयारच होत नाहीत, किंवा होतात पण आकुंचन पावत नाहीत. सांध्याची पूर्वतयारी त्यांच्यातही सुरू झाली. जागा ठरली, पेशी जमल्या. पण त्या टिकल्या नाहीत. हालचालीअभावी त्या पेशींमधला बीटा-कॅटेनिन नावाच्या प्रथिनाचा संदेश मावळला आणि पेशी पुन्हा कूर्चेच्या वाटेला लागल्या. कोपराची फट भरून निघाली.

मला स्वतःला या प्रयोगातलं ‘टिकल्या नाहीत’ हे फार महत्त्वाचं वाटतं. सांधा कुठे व्हायचा हे जनुकं हालचालीला न विचारता ठरवतात. पण ‘आपण सांधाच आहोत’ हे त्या पेशींना हलण्यातून सतत कळत राहावं लागतं. कळणं थांबलं की त्या विसरतात. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजातल्या पिट्सिलाइड्स यांच्या गटाने दाखवलं की हायलुरोनन बनवणंही ताणावरच चालतं. आणि डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या पॉला मर्फी यांच्या गटाने स्नायू नसलेल्या उंदरांच्या दंडाच्या हाडात कोणती जनुकं कमी-जास्त चालतात ते मोजलं, तर हजाराहून अधिक जनुकांचा हिशेब बदललेला निघाला. एखाद-दुसरं जनुक नव्हे. पेशीचा सांगाडा, पेशींमधले निरोप, हाड घट्ट होण्याचा क्रम, सगळीकडे फरक.

कोपरावरून तारीख काढणं

हे सगळं वाचलेलं डोक्यात ठेवून बाळाकडे परत आलं की तपासणी वेगळी होते. नुसतं ‘किती वाकतं’ नव्हे, तर ‘हालचाल कधी थांबली असावी’ हे वाचायचं असतं. आणि ते शरीरावर लिहिलेलं असतं.

एक्स-रे इथे फार उपयोगी नाही. नवजात बाळाचं कोपर जवळपास सगळं कूर्चेचं, ते एक्स-रेत उमटतच नाही. म्हणून कोपराची सोनोग्राफी करून घेतली. त्यात दिसलं ते महत्त्वाचं होतं : सांधा होता. दोन्ही बाजूंचे कूर्चेचे पृष्ठभाग वेगळे, मध्ये फट. अंड्यातल्या लुळ्या पिलासारखं जुळून गेलेलं नव्हतं. आखडलं होतं ते सांध्याभोवतीचं आवरण आणि जिथे स्नायू हवा होता तिथलं तंतूमय ऊतक.

म्हणजे सांध्याची पोकळी होईपर्यंत, साधारण दहाव्या आठवड्यापर्यंत, हे बाळ हलत असलं पाहिजे. हातावरच्या आणि तळव्यावरच्या घड्या त्याच सुमारास आणि त्यापुढच्या थोड्या आठवड्यांत उमटतात, तेराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत त्यांचं काम बहुतेक झालेलं असतं. त्या इथे कोपरावर नाहीत, तळव्यावर पुसट. मग हालचाल मंदावली ती या दोन खुणांच्या मध्ये कुठेतरी, तिसऱ्या महिन्याच्या आसपास. काटेकोर तारीख नव्हे, पण अंदाज पक्का.

आता ही तारीख आजीच्या तारखेशेजारी ठेवा. ग्रहण विसाव्या आठवड्यात. आईच्या लाथांशेजारी ठेवा. पहिलटकरणीला बाळाची हालचाल जाणवते ती अठराव्या-विसाव्या आठवड्यात. म्हणजे भोपळा चिरण्याच्या कितीतरी आधी, आणि आईला पहिली लाथ कळायच्याही आधी, जे व्हायचं ते होऊन गेलेलं होतं. तिने कुणाला काय सांगायला हवं होतं? सांगण्यासारखं तिला कळायचा दिवस यायचाच होता.

मी हे त्यांना कॅलेंडरवर बोट ठेवून समजावलं. घरात कालनिर्णय असतोच, वडिलांनी मोबाइलवर जुनं उघडलं. शेवटच्या पाळीची तारीख, मग तिसरा महिना कुठे येतो, मग दिवाळी. गौरी-गणपतीच्याही आधी, असं निघालं. आजी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “मंग तवा तं ही मायरी होती.” सुनेचा चेहरा पुन्हा पडला, कारण आता दोष माहेरावर सरकतो आहे असं तिला वाटलं. दोषाला जागा हवीच असते लोकांना. मला तिथे स्पष्ट सांगावं लागलं की माहेरीही काही झालं नाही, आईने खाल्ल्या-प्यायल्याने, वाकल्याने, उचलल्याने हे होत नाही.

तीन नैसर्गिक प्रयोग

कुणी म्हणेल, कोंबडी आणि उंदीर ठीक, माणसाचं काय? माणसावर क्युरारेचा प्रयोग करता येत नाही. पण निसर्ग करतो.

पहिला. मायस्थेनिया, म्हणजे स्नायू लवकर थकण्याचा आजार, असलेल्या काही आयांच्या रक्तात अशी प्रतिपिंडं असतात जी गर्भाच्या स्नायूंवरचे ग्राही, म्हणजे मज्जातंतूचा हुकूम झेलणारे रेणू, अडवतात. बाळाची जनुकं पूर्ण निरोगी, पण आईकडून आलेली प्रतिपिंडं त्याला पोटात लुळं करतात. अशा बाळांत आर्थ्रोग्रायपोसिस दिसतो. अंड्यातल्या क्युरारेचीच ही मानवी आवृत्ती. म्हणून आम्ही या आईलाही विचारलं : संध्याकाळी पापण्या जड होतात का, चावताना दमायला होतं का? आजी वैतागली, “पोट्टीचं सोडून हे कायले विचारून राहिले?” रक्ततपासणी केली, प्रतिपिंडं नव्हती.

दुसरा मला सगळ्यात बोलका वाटतो. स्नायूवरच्या त्याच ग्राहीचा एक भाग गर्भात वेगळा असतो आणि जन्मानंतर वेगळा. गर्भातल्या भागाचं जनुक सीएचआरएनजी. गरोदरपणाच्या शेवटच्या टप्प्यात ते बंद होतं आणि त्याची जागा दुसऱ्या जनुकाने बनवलेला भाग घेतो. ज्यांच्यात सीएचआरएनजी बिघडलेलं असतं ती बाळं पोटात नीट हलू शकत नाहीत. जन्मतात तेव्हा ग्राही बदललेले, स्नायू व्यवस्थित चालणारे. तरी सांधे आखडलेले, कातडीचे पडदे सांध्यांवर. २००६ मध्ये हे उलगडलं. बिघाड दुरुस्त झाला, पण काम करायची वेळ निघून गेली होती. हालचालीला मुहूर्त असतो, हे याहून स्पष्ट कसं सांगायचं.

तिसरा, जुळ्यांचा. अमायोप्लेझियावर आयुष्यभर काम केलेल्या कॅनडाच्या ज्युडिथ हॉल यांच्या लक्षात आलं की या बाळांमध्ये एकसारख्या जुळ्यांपैकी एक असणारी बाळं अपेक्षेपेक्षा जास्त आहेत, आणि बहुतेकदा दुसरं भावंड धडधाकट असतं. जनुकं तीच, घर तेच, ग्रहणंही तीच. म्हणून अमायोप्लेझिया वंशपरंपरेने येत नाही असं मानलं जातं. मज्जारज्जूतल्या हालचालीच्या पेशींना गर्भाच्या सुरुवातीच्या काळात रक्त कमी पडत असावं, असा एक विचार आहे. तो अजून सिद्ध झालेला नाही.

पेशीला ओढ कळते कशी

ताण ही भौतिकशास्त्रातली गोष्ट, जनुक ही रसायनाची. दोघांची गाठ कुठे पडते? यावरचा माझा आवडता प्रयोग सांध्याचा नाहीच, फळमाशीचा आहे. पॅरिसच्या क्युरी संस्थेत इमान्युएल फार्ज यांनी २००३ मध्ये फळमाशीचा कोवळा भ्रूण हलकेच दाबला. एवढ्यावर ट्विस्ट नावाचं जनुक, जे एरवी पोटाच्या बाजूला चालू असतं, ते जिथे नसायला हवं तिथेही चालू झालं. मग त्यांनी उलट बाजूनेही पाहिलं. भ्रूणाची एक पट्टी लांबत पुढे सरकते आणि पुढच्या टोकाच्या काही पेशी त्यामुळे दाबल्या जातात. त्याच पेशींत ट्विस्ट चालू होतं आणि त्यांच्यापासून अन्नमार्गाचा पुढचा भाग बनतो. पट्टी न सरकणाऱ्या भ्रूणात तिथे ट्विस्ट दिसत नाही. मात्र त्याच जागी बाहेरून दाब दिला की दिसतं. दाब हाच निरोप होता.

इथेही मध्यस्थ बीटा-कॅटेनिनच, फळमाशीतलं त्याचं भावंड. या प्रथिनाला दोन नोकऱ्या आहेत. एक, शेजारच्या पेशीला धरून ठेवणाऱ्या सांधणीत बसायचं. दुसरी, केंद्रकात जाऊन जनुकं चालू करायची. सांधणी ओढली गेली की काही रेणू सुटतात आणि आत जातात. इतकी साधी युक्ती, आणि माशीपासून माशापर्यंत दिसणारी.

दुसरा दरवाजा पीझो नावाच्या प्रथिनांचा. पेशीच्या आवरणातली ही दारं ताणाने उघडतात. ती शोधणाऱ्या आर्डेम पातापूतियन यांना २०२१चं नोबेल विभागून मिळालं. आमच्या विषयाशी त्यांचं थेट नातं आहे : पीझो२ चं जनुक बिघडलं तर हातापायांच्या टोकाच्या सांध्यांचा आर्थ्रोग्रायपोसिस होतो. त्यातही दार जास्त उघडं राहिलं तरी होतो, बंद पडलं तरी होतो. २०२३ मध्ये पातापूतियन यांच्याच गटाने उंदरांत दाखवलं की दार अति उघडं राहण्याने बिघडतात ते स्नायूची स्थिती कळवणारे मज्जातंतू, आणि त्यामुळे सांधे आखडतात. म्हणजे हलणं पुरेसं नाही. हललं हे मज्जातंतूंना योग्य मापात कळलंही पाहिजे.

थोडं विषयांतर. हे छापून आलं की गर्भसंस्कारवाले ‘बाळाला हलवणारे व्यायाम’ विकायला काढतील, ही भीती मला खरीच वाटते. गर्भाच्या कोपराला लागणारा ताण त्याच्या स्वतःच्या स्नायूंचा असतो. आईने योगासनं केल्याने तिसऱ्या महिन्यातल्या गर्भाचं कोपर वाकत नाही. आईने चालावं, फिरावं, ते तिच्यासाठी.

लाथांचा जोर किती असतो ते मात्र आईला सांगावंसं वाटलं, कारण तिला तिच्या बाळाच्या मंद लाथांचंच दुःख होतं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात गर्भाच्या चलत् एमआरआयवरून काढलेला हिशेब २०१८ मध्ये आला : विसाव्या आठवड्यात एका लाथेचा जोर सुमारे २९ न्यूटन, तिसाव्यात ४७, म्हणजे पावणेपाच किलो वजनाएवढा, आणि पस्तिसाव्यात जागा अपुरी पडल्यावर १७. लाथ सौम्य होते तेव्हाही आतल्या हाडांवरचा ताण वाढतच असतो. ज्या बाळांना हे मिळत नाही त्यांची हाडं बारीक राहतात. म्हणून या मुलीचा हात धरताना आम्ही कधी घाई केली नाही. अशा बाळांचं हाड ताणताना मोडू शकतं.

पुढे काय केलं

उपचारात जनुकं वगैरे कुणाच्या ओठावर नसतात. पाचव्या दिवसापासून आईला शिकवलं : दूध पाजण्याआधी प्रत्येक सांधा हळू, शेवटच्या टोकापर्यंत, आणि तिथे थोडं थांबून. मनगटांना पट्ट्या. पावलांसाठी पोन्सेती पद्धत, म्हणजे दर आठवड्याला पाऊल थोडं सुधारून मांडीपर्यंत प्लास्टर, मग ते काढून पुढचं. साध्या क्लबफूटला पाच-सहा प्लास्टर पुरतात, आर्थ्रोग्रायपोसिसमध्ये जास्त लागतात आणि पाऊल परत वळण्याचा धोकाही जास्त. टाचेची शीर (कंडरा) छोट्या छेदाने कापावी लागली. नंतर दांडीने जोडलेले बूट.

हे सगळं नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये. बाहेर ४३-४४, आणि बाळ मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. कूलरच्या समोर ठेवलं तर ओलसर वाऱ्याने प्लास्टर मऊ पडतं, न ठेवलं तर आतून घाम आणि पुरळ. आजीने एकदा आत पावडर ओतली; ती घामात मिसळून गोळे झाले आणि मांडीच्या सांध्यात कातडी सोलवटली. मग ठरलं, कूलर तिरका, बाळ वाऱ्याच्या रेषेबाहेर, प्लास्टर बदलायच्या सकाळी ते घरीच कोमट पाण्यात भिजवायचं, उलगडायचं मात्र दवाखान्यातच, नवं घालण्याच्या अगदी आधी. आजीनेच ती जबाबदारी घेतली आणि शेवटपर्यंत एकदाही चुकवली नाही.

वडिलांनी मधेच विचारलं, हलवत राहिलो तर स्नायू येईल का? नाही. जो स्नायू बनलाच नाही तो व्यायामाने येत नाही, आणि हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. पण सांधा आहे, कूर्चा जिवंत आहे, आणि कूर्चेच्या पेशी जन्मानंतरही ताण-दाब ओळखतात. पहिल्या काही महिन्यांत आवरण सैल होतं, तेवढ्यात मिळवायचं ते मिळवायचं. स्वतःहून कोपर वाकणार नसलं तरी दुसऱ्याने वाकवल्यावर वाकलं पाहिजे. तसं झालं तर पुढे ती टेबलाच्या कडेवर हात टेकवून घास तोंडाशी नेऊ शकेल. सरळ ताठ कोपर तोंडापर्यंत पोचत नाही. आमचं सगळं लक्ष तिथेच होतं.

सव्वा वर्षाची झाली तेव्हा उजवं कोपर धरून वाकवलं तर ९० अंशांपर्यंत जात होतं, डावं त्याहून कमी. बसायला लागली होती, ढुंगणावर सरकत घरभर फिरायची, आणि तोंडाने मात्र वयाच्या पुढे. अमायोप्लेझियाची बहुतेक मुलं पाच वर्षांपर्यंत आधाराने किंवा आधाराशिवाय चालू लागतात. ही दोन वर्षांनंतर दोन्ही पायांत गुडघ्याखालचे ब्रेस घालून भिंत धरून उभी राहू लागली. डाव्या पावलाला पुन्हा वळण लागलं, पुन्हा प्लास्टर झालं.

जनुकीय तपासणीचा अहवाल यायला वेळ लागला. त्यात सीएचआरएनजी, पीझो२ किंवा आर्थ्रोग्रायपोसिसशी जोडलेल्या इतर ज्ञात जनुकांत दोष सापडला नाही. बाळाचं एकूण चित्र आणि हा अहवाल मिळून अमायोप्लेझियाचं निदान कायम केलं. सल्लागारांनी आईवडिलांना सांगितलं की पुढच्या बाळात हे पुन्हा होण्याची शक्यता इतर कुठल्याही जोडप्यापेक्षा फारशी वेगळी नाही. तरी मनाच्या समाधानासाठी, पुढे कधी दिवस गेलेच तर बाराव्या-चौदाव्या आठवड्यापासून सोनोग्राफीत फक्त मापं न घेता काही मिनिटं थांबून कोपरं, मनगटं, गुडघे वाकतात का ते बघायचं, आणि काही आठवड्यांनी परत बघायचं. ही ओळ मी त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर मराठीत लिहून दिली, म्हणजे ज्या कुठल्या सेंटरला जातील तिथे ती दाखवता येईल.